बांधीत पाणी न साचवता धान : आधी वाण, मग पद्धत
शेतीशाळा – वाचा, गटात वाचून दाखवा आणि चर्चा करा



चिखलणी न करता, पऱ्हे न टाकता, बांधीत पाणी न साचवता धान होतं का? पाऊस ओढ देतो त्या वर्षी हा प्रश्न ग्रामसंघाच्या बैठकीत हमखास निघतो. कुणी सांगतं, अमक्या गावात ट्रॅक्टरनं पेरलं आणि छान आलं. दुसरी म्हणते, आमच्याकडे पेरलं तर नुसतं गवत झालं, लोंबी निसवलीच नाही. दोघीही खरं बोलत असतात. फरक बहुतेक वेळा बियाण्यात असतो, आणि आपण चर्चा करतो ती फक्त पद्धतीची.

या पाठात एकच गोष्ट नीट समजून घेऊ. पाण्यात वाढायला निवडलेलं वाण कोरड्या बांधीत टाकलं म्हणजे पाणी वाचवणारं धान होत नाही. त्यासाठी वेगळ्या अंगाचं वाण लागतं, आणि असं वाण तयार करायला आठ-दहा वर्षं जातात. ते वाण कसं असतं, कसं तयार करतात आणि आपल्या गटानं त्याबद्दल काय विचारायचं, ते पाहू.

धानाला पाणी आवडतं की चालतं?

धान ही कमळासारखी पाण्यातली वनस्पती नाही. धानाला पाणी *चालतं*. त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या बारीक नळ्या असतात. पानांतली हवा त्यांतून मुळापर्यंत जाते, म्हणून पाण्यात उभं राहूनही त्याची मुळं गुदमरत नाहीत. ज्वारी किंवा तूर तशी उभी केली तर चार दिवसांत पिवळी पडेल.

मग आपण पाणी साचवतो कशाला? कारण साचलेलं पाणी आपल्यासाठी चार कामं फुकट करतं.

१. तण दाबतं. बहुतेक तणांचं बी पाण्याखाली उगवत नाही.
२. अन्न सोडवून देतं. पाण्याखालच्या मातीत लोह आणि स्फुरद मुळांना सहज मिळतं.
३. पावसाची उघडीप झाकतं. बांधीत चार बोटं पाणी असलं तर आठवडाभराची उघडीप पिकाला कळतही नाही.
४. मातीतली काही कीड दाबतं. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी भरल्या बांधीत फारसे वाढत नाहीत.

आता बांधी कोरडी ठेवायची, म्हणजे जमिनीत ओल राहील पण पाणी साचणार नाही, असं ठरवलं तर ही चारही कामं कुणीतरी करायला हवीत. थोडी आपण करतो, थोडी खतं करतात. उरलेली रोपानं स्वतः करावी लागतात. ज्या रोपाला ती जमतात, ते या पद्धतीचं वाण. शास्त्रज्ञ याला ‘एरोबिक भात’ म्हणतात, म्हणजे हवा खेळत्या जमिनीतलं धान.

इथे एक गोंधळ काढून टाकू. श्री पद्धत, किंवा बांधीतलं पाणी आटू देऊन पुन्हा भरण्याची पद्धत, यांत चिखलणी आणि रोवणी होते आणि नेहमीचीच वाणं चालतात. आपण बोलतोय ते गहू-ज्वारीसारखं कोरड्या रानात पेरून घेतलेल्या धानाबद्दल.

पाणी किती वाचतं आणि धान किती घटतं

फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस इथं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथं २००१ पासून काही वर्षं एकाच जागी दोन्ही प्रकारचं धान शेजारी-शेजारी घेऊन मोजमाप केलं. पाणी साचवलेल्या शेताला पाऊस आणि ओलित धरून हंगामाला १२४० ते १८८० मिलिमीटर पाणी लागलं. न साचवलेल्या शेताला ७९० ते १४३० मिलिमीटर. म्हणजे साधारण ४५० मिलिमीटरचा फरक.

मिलिमीटर म्हणजे नेमकं किती? एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. त्या हिशेबानं एकरी जवळजवळ १८ लाख लिटर पाणी वाचलं. पाच हजार लिटरचे ३६० टँकर! हे पाणी जातं कुठं? मोठा भाग चिखलणीला लागतो, मोठा भाग तळातून आणि बांधांतून झिरपतो, काही उन्हानं उडून जातो. रोपाच्या पोटात जाणारं पाणी दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं.

ही झाली चांगली बाजू. दुसरीही बघा. त्याच प्रयोगात, लावलेल्या सगळ्या वाणांची सरासरी काढली तर न साचवलेल्या शेतात उत्पन्न पावसाळ्यात २२ टक्के आणि उन्हाळी हंगामात ३२ टक्के कमी आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पावसाळ्यात वीस पोत्यांच्या जागी साडेपंधरा पोती.

ही साडेचार पोती कमी झाली तर कुणाच्या घरची चूल अडते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून ‘पाणी वाचवा’ एवढं सांगून भागत नाही. ही तूट भरून काढणं हेच वाण तयार करणाऱ्यांचं काम आहे.

या धानात काय काय हवं?

सून पसंत करताना यादी करतात तशी शास्त्रज्ञही यादी करतात. फक्त ही यादी शेतात तपासून बघता येते!

*जोमदार उगवण.* रोवणीत आपण तीन-चार आठवड्यांचं रोप लावतो, म्हणून ते तणाच्या पुढे असतं. पेरणीत मात्र धान आणि तण एकाच दिवशी जन्माला येतात. बी इंचभर खोलीवरूनही लवकर वर यावं आणि पहिल्या महिन्यात पानं पसरून जमीन झाकावी, असं वाण हवं. जुनी डोंगरउतारावरची उंच वाणं हे छान करतात, पण थोडं खत पडलं की आडवी होतात. म्हणून फार उंच नाही आणि फार बुटकंही नाही, असा मध्यम बांधा निवडतात.

*खोल मुळं.* पाण्यातल्या धानाला खोल जायची गरज नसते. त्याची मुळं वरच्या वीतभर चिखलातच पसरतात. कोरड्या रानात वरची माती आधी सुकते, म्हणून मुळं सरळ खाली जायला हवीत. इथं मुळाचा *कोन* महत्त्वाचा. २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी फिलिपिन्सच्या ‘किनानडांग पाटोंग’ या जुन्या वाणातला एक जनुक ओळखला. जनुक म्हणजे बियातून पुढच्या पिढीत जाणारी सूचना. या सूचनेमुळे मूळ आडवं न पसरता खाली वळतं. ती सूचना ‘आयआर ६४’ या प्रसिद्ध पण उथळ मुळाच्या वाणात आणली. मग दुष्काळी वाफ्यात जिथं मूळचं आयआर ६४ जवळजवळ वाया गेलं, तिथं खोल मुळाच्या भावंडानं दाणे भरले.

*फुलोऱ्यात तग.* धान रोपावस्थेत उपाशी राहिलं तर पुढं सावरतं. पण पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत पाणी तुटलं तर लोंबी पोटरीतच अडकते, परागकण मरतात आणि दाणे पोचट राहतात. रोप हिरवंगार दिसतं, पण सूप पाखडलं की कळतं. त्या नाजूक दिवसांत लोंबी पूर्ण बाहेर काढणारं वाण हवं.

*लोह आणि जस्त ओढून घेण्याची ताकद.* पाणी नसलं की लोह जमिनीत असूनही मुळाला मिळत नाही, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत. कोवळी पानं आधी पिवळी, मग पांढुरकी पडतात. जस्त कमी पडलं तर जुन्या पानांवर तांबूस ठिपके येतात. काही वाणं मुळांतून असे रस सोडतात की लोह सुटून येतं. अशी वाणं हेरून ठेवतात.

*करपा आणि सूत्रकृमी.* कोरड्या रानातल्या धानावर करपा जास्त येतो. वर्षानुवर्षं त्याच जागी असं धान घेतलं तर मुळांच्या गाठी वाढतात आणि उत्पन्न घसरत जातं. फिलिपिन्समध्ये हे स्पष्ट दिसलं.

*बेताचा कालावधी.* पाऊस लवकर गेला तरी पीक हाती यावं म्हणून १०५ ते १२० दिवसांची वाणं निवडतात. १४०-१४५ दिवसांचं धान खोलगट बांधीत शोभतं, बरड रानावर नाही.

आणि हे सगळं असूनही भात चिकट झाला, तांदूळ भरडताना तुकडा पडला किंवा तणसाला जनावरांनी तोंड लावलं नाही, तर ते वाण गावात टिकत नाही. हे प्रयोगशाळेत कळत नाही. चुलीवर आणि गोठ्यात कळतं.

वाण तयार होतं कसं?

निवड कशी होते ते आपल्याच भागातल्या माणसानं जगाला दाखवलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, त्यांचं बी वेगळं पेरलं आणि वर्षानुवर्षं निवडत नेलं. त्यातून ‘एचएमटी’ धान आलं. ही झाली *निवड* : शेतात आपोआप आलेलं वेगळेपण ओळखणं आणि जपणं.

पाणी वाचवणाऱ्या धानासाठी मात्र दोन टोकांचे गुण एकत्र आणावे लागतात. एका बाजूला डोंगराळ भागातलं काटक पण कमी पिकणारं धान. दुसऱ्या बाजूला भरपूर पिकणारं पण पाण्याला चटावलेलं धान. त्यासाठी *संकर* करतात.

धानाचं फूल बारीक असतं. त्यात सहा पुंकेसर असतात. आईकडच्या लोंबीतल्या एकेका फुलाचे हे सहाही पुंकेसर फूल उमलण्याआधी काढून टाकतात. मग लोंबीवर कागदी पिशवी चढवतात आणि वेळेवर बापाकडच्या लोंबीचे पराग झटकतात. मिळालेलं बी पेरलं की पहिली पिढी सारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र घरातल्या भावंडांसारखं होतं. कुणी आजीवर जातं, कुणी बापावर, आणि हजारो रोपं हजार तऱ्हांची निघतात. त्यांतून निवडत निवडत पाच-सहा पिढ्या नेल्या की गुण स्थिर होतात आणि पेरलं तेच उगवू लागतं. त्यानंतर वेगवेगळ्या जिल्ह्यांत, राज्यांत चाचण्या. असे आठ-दहा हंगाम सहज जातात.

पण निवड *कुठल्या शेतात* करायची? बरीच वर्षं शास्त्रज्ञ भरपूर पाण्याच्या शेतात जास्त पिकणारी रोपं निवडत होते. जे तिथं चांगलं ते कोरड्यातही बरं निघेल, अशी आशा होती. तसं झालं नाही. पाण्यात निवडलेलं वाण पाणीच मागतं. म्हणून पुढं काही शेतं मुद्दाम फुलोऱ्याच्या वेळी सुकवली आणि तिथं ज्यांनी दाणा भरला त्यांनाच पुढं नेलं. मात्र त्याच रोपांची दुसरी पेरणी ओलिताखालीही केली. नाहीतर दुष्काळात तगणारं पण चांगल्या पावसातही कमीच पिकणारं वाण हाती आलं असतं. दोन्ही ठिकाणी पास होणारंच वाण शेतकऱ्याच्या कामाचं.

अलीकडे बियाण्यातल्या खुणा तपासून, कुठल्या रोपात खोल मुळाची सूचना आली आहे ते रोप लहान असतानाच ओळखतात. त्यामुळे वर्षं वाचतात. पण शेवटची परीक्षा शेतातच होते.

कुठे काय तयार झालं?

*चीन.* उत्तर चीनच्या मैदानात पाण्याची ओढाताण मोठी. बीजिंगच्या चीन कृषी विद्यापीठानं ‘हान दाओ’ नावाची वाणं काढली, त्यांतली २९७ आणि ५०२ प्रसिद्ध झाली. हान दाओ म्हणजे ‘कोरडं धान’. डोंगरी आणि पाणथळ धानांचा मेळ घालून ती तयार केली.

*फिलिपिन्स.* ‘आपो’ हे वाण ओल्या-कोरड्या दोन्ही रानांत बरं चाललं, म्हणून पुढच्या अनेक प्रयोगांत तुलनेसाठी तेच धरलं गेलं.

*कर्नाटक.* बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठानं २००७ मध्ये ‘एमएएस ९४६-१’ हे वाण प्रसारित केलं. देशात एरोबिक धान म्हणून बाहेर आलेल्या सुरुवातीच्या वाणांपैकी ते एक.

*ओडिशा आणि झारखंड.* कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ‘सीआर धान २००’ म्हणजे ‘प्यारी’ आणि पुढं २०१, २०२ अशी एरोबिक वाणांची मालिकाच दिली. त्यातलं २०१ आपल्या शेजारच्या छत्तीसगडसाठी प्रसारित आहे. याच संस्थेच्या हजारीबाग केंद्रातून ‘सहभागी धान’ आलं. त्याच्या घराण्यात इंडोनेशियाचं ‘वे रारेम’ हे डोंगरी धान आहे. अंदाजे १०५ दिवसांचं हे वाण पावसाची ओढ सोसतं आणि रोवणीतही चालतं. शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात पारखून निवडलं, म्हणून नावच ‘सहभागी’. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाच्या सहभागातून आलेल्या ‘बिरसा विकास धान १११’ मध्ये ‘कलिंगा ३’ या लवकर येणाऱ्या वाणाला फिलिपिन्सच्या ‘अझुसेना’ची लांब मुळं मिळाली आहेत.

*मराठवाडा.* परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘प्रभावती’, ‘तेरणा’, ‘पराग’ ही पेरीव धानाची वाणं पाणी न साचवता, काळ्या रानासाठी निवडलेली. काळ्या चुनखडीच्या रानात धान पिवळं पडतं, तिथं लोहाचा प्रश्न सोडवल्याशिवाय चालत नाही.

ही नावं पाठ करायची म्हणून दिलेली नाहीत. ‘पेरणीचं धान’ म्हणून कुणी बियाणं घेऊन आलं, तर ते कुठं निवडलं, किती दिवसांचं आहे आणि कोणत्या राज्यासाठी प्रसारित आहे, हे तीन प्रश्न विचारता यावेत म्हणून दिली आहेत.

आई चाचणी, पिल्लू चाचणी

गावात वाण पारखायची एक चांगली रीत आहे. एका ठिकाणी, समजा ग्रामसंघानं ठरवलेल्या शेतात, आठ-दहा वाणं छोट्या वाफ्यांत शेजारी-शेजारी लावतात. ही ‘आई चाचणी’. मग त्यातली एक-दोन वाणं अनेक घरी, आपापल्या शेताच्या कोपऱ्यात, आपल्या नेहमीच्या धानाशेजारी लावतात. या ‘पिल्लू चाचण्या’. आई चाचणीत तुलना नीट होते आणि पिल्लू चाचणीत खरं आयुष्य कळतं. कुणाचं रान बरड, कुणाकडे निंदणाला हात कमी, कुणाच्या धानात रानडुकरं शिरतात, ते सगळं तिथं दिसतं.

कापणीआधी सगळ्यांनी आई चाचणीतून फिरायचं आणि प्रत्येक वाफ्यापुढच्या पिशवीत आवडीची चिठ्ठी टाकायची. बायकांच्या चिठ्ठ्यांचा रंग वेगळा ठेवायचा. पूर्व भारतात अशा निवडीत स्त्रियांना बरोबरीनं बसवलं तेव्हा पुरुष बघत नव्हते त्या गोष्टी यादीत आल्या : झोडपायला सोपं आहे का, तणस किती आणि कसं, भात सकाळी शिजवला तर दुपारी मऊ राहतो का. वाण पुढं जावं की नाही, हे ठरवायला या गोष्टी क्विंटलइतक्याच वजनाच्या आहेत.

रोवणी गेली तर मजुरीचं काय?

हा मुद्दा बाजूला ठेवून पाणी वाचवण्याची चर्चा पूर्ण होत नाही.

रोवणी बहुतेक बायकाच करतात. पाण्यात वाकून दिवस काढल्यानं कंबर जाते, पायांना चिखल्या होतात. पेरणीच्या धानात ते संपतं. पण त्याच बरोबर रोवणीची मजुरीही संपते. गटातल्या भूमिहीन बहिणीसाठी रोवणीचे दिवस म्हणजे वर्षातल्या हमखास रोख पैशाचे दिवस. पेरणी ट्रॅक्टरवर होते, आणि ट्रॅक्टरवर बहुधा पुरुष बसतो.

दुसरीकडे निंदण वाढतं. पाणी नाही म्हणजे तण दाबणारं कुणी नाही. वाण कितीही जोमदार असलं तरी पहिल्या चाळीस दिवसांत दोनदा निंदण लागतंच. मजूर लावलं तर ती मजुरी बायकांच्या हातात पडेल. पण अनेक घरांत हे निंदण ‘घरच्या बाईनं करायचं’ म्हणून हिशेबात धरलंच जात नाही. मग शेताचा खर्च कमी दिसतो आणि घरच्या बाईचे दिवस वाढतात.

‘तणनाशक सोसणारं धान आणा, निंदणच नको,’ असंही ऐकू येतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये ‘पुसा बासमती १९७९’ आणि ‘१९८५’ अशी, एका ठरावीक तणनाशकाला दाद न देणारी वाणं दिली. ती बासमतीच्या पट्ट्यासाठी आहेत. शिवाय एकच औषध दरवर्षी मारलं तर त्याला न जुमानणारं तण तयार होतं, आणि रानटी धानात तो गुण शिरला की काढणं अवघड. म्हणून औषध हा एकमेव आधार मानू नये.

गटानं आधी एक वही करावी. एका बाजूला नेहमीची बांधी, दुसऱ्या बाजूला पेरणीचा तुकडा. दोन्हींत लिहायचं : कुणाचे किती दिवस, मजुरीचे की घरचे, पैसे कुणाच्या हातात. पाण्याचा आणि धानाचा हिशेब त्याच्याच शेजारी. मगच ठरवायचं, फायदा झाला का आणि कुणाला झाला. फायदा असेल तर त्यातला वाटा गटात राहील असंही काही करता येतं : पेरणीयंत्र किंवा सायकल कोळपं गटाच्या नावावर घेऊन भाड्यानं देणं, किंवा बियाणं तयार करणं.

बियाण्याचं सोपं आहे. वर सांगितलेली वाणं सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत. धानाचं परागीकरण त्याच फुलात होतं, त्यामुळे घरचं बी तीन-चार वर्षं चांगलं चालतं. दुसऱ्या वाणापासून निदान तीन मीटर अंतर ठेवायचं आणि वेगळी दिसणारी रोपं फुलोऱ्याआधीच उपटायची. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं आपलं बियाणं जपायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि कंपनीचं नाव न लावता विकायचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे.

करून बघायचं तर

१. जागा : उंचावरची, पाणी निघून जाणारी बांधी घ्या. खोलगट बांधीत जुलैच्या झडीत पाणी साचतंच, तिथं बी कुजेल. तिथं रोवणीच ठेवा.
२. क्षेत्र : पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठे. घरचं खाण्याचं धान पणाला लावायचं नाही.
३. वाण : कृषी विज्ञान केंद्राला किंवा विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्राला विचारून, थेट पेरणीसाठी शिफारस असलेलं आणि १२० दिवसांच्या आतलं.
४. आधी तण उगवू द्या : पहिल्या पावसानं तण वर आलं की वखरून मोडा, मग पेरा. निम्मं निंदण इथंच वाचतं.
५. पेरणी : ओळीत, इंचभर खोल. फेकून पेरलं तर कोळपं फिरणार नाही.
६. निंदण : पहिलं १५-२० दिवसांत, दुसरं ३५-४० दिवसांत. उशीर चालत नाही.
७. पानं : कोवळी पानं पिवळी-पांढुरकी पडली तर लोहाची कमतरता. हिराकसाच्या फवारणीबद्दल कृषी सखीला लगेच विचारा.
८. पाणी : बोडीत किंवा विहिरीत थोडंच असेल तर पोटरी ते दाणे भरण्याच्या दिवसांसाठी राखून ठेवा.
९. फेरपालट : त्याच जागी दरवर्षी हेच धान नको. चिखलणी न केल्यानं माती भुसभुशीत राहते, तिथं कापणीनंतर हरभरा चांगला येतो. पुढच्या पावसाळ्यात तुरीला जागा द्या.

बैठकीत चर्चेसाठी

– आपल्या गावातल्या किती बांध्या उंचावरच्या आहेत? त्यांत आज कोणतं वाण आहे आणि ते किती दिवसांचं?
– मागच्या वेळी पेरणीचं धान फसलं तेव्हा वाण कोणतं होतं? कुणाला आठवतं का?
– आपल्या गटात रोवणीच्या मजुरीवर किती घरं चालतात? त्यांचं मत आधी ऐकलं का?
– आई चाचणीला पाच गुंठे जागा कोण देईल? धान कमी आलं तर तिची भरपाई गट कशी करेल?

शेवटचा प्रश्न ठरावात लिहून घ्या. नवं वाण पारखणं हे गावाचं काम आहे, म्हणून त्याची जोखीम एकट्या बाईच्या बांधीवर टाकायची नाही.